ससा क्रमांक एकतीस आणि माझी बाकीची मिळकत

मी, श्रीमती चारुलता नंदकिशोर तिरोडकर, वय एकसष्ट, विधवा, मूलबाळ नाही, राहणार सेक्टर सहा, कोपरखैरणे, नवी मुंबई, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. कोणाच्या धाकाने नाही, भिडेने नाही, नशेत तर नाहीच. माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तो त्यांनी माझ्याकडे मान वर करून न बघताच लिहिला. म्हणून आज सकाळी सात वाजता मी माझे तापमान स्वतः घेतले. अठ्ठ्याण्णव पूर्णांक चार. थर्मामीटर पूर्ण तीन मिनिटे जिभेखाली धरून, घड्याळ समोर ठेवून घेतले आहे. एवढा तपशील कशाला, ते पुढे वाचणाऱ्याला कळेल.

वकील गीतांजली खानोलकर यांनी मला तीन सूचना केल्या. थोडक्यात लिहा. कंपनीचे नाव घालू नका. आणि ज्याला काही मिळणार आहे त्याची साक्षीदार म्हणून सही घेऊ नका, पुढे भानगड होते. पहिली सूचना मला जमणार नाही. बावीस वर्षे मी रकान्यांत आकडे लिहिले, आता ओळी लिहीन. दुसरी पाळते, कारण बाई भल्या आहेत आणि फी कमी घेतली. कंपनी ठाणे-बेलापूर रस्त्यावर होती आणि सलाईनच्या बाटल्या करत होती, एवढे पुरे. तिसरी सूचना लक्षात ठेवली आहे.

माझी सर्व मिळकत स्वकष्टार्जित आहे, असे लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिते. त्यात कष्ट माझे किती आणि सशांचे किती, हे मात्र कोणी विचारू नये.

कलम पहिले. माझ्या कामाबद्दल, कारण त्याशिवाय पुढची वाटणी कोणाला कळायची नाही.

मी त्या कंपनीच्या प्राणीगृहात आधी तंत्रज्ञ आणि नंतर पर्यवेक्षक होते. सलाईनची बाटली माणसाच्या शिरेत जाते. त्या पाण्यात मेलेल्या जंतूंचा अंश जरी राहिला, तरी माणसाला हुडहुडी भरून ताप चढतो, अशक्त माणूस दगावतोसुद्धा. म्हणून प्रत्येक बॅचमधले थोडे पाणी आधी तीन सशांच्या कानाच्या शिरेत टोचायचे. सशाला खोड्यात घालायचे. खोडा म्हणजे लाकडी पेटी, मान बाहेर आणि बाकीचे अंग आत, हलायची सोय नाही. मागून तापमापक सरकवायचा आणि तीन तास दर अर्ध्या तासाने तापमान लिहायचे. सशाला ताप आला तर बॅच नापास, नाही आला तर पास.

हे काम वाईट आहे असे मी पहिल्या दिवशी मानले नाही. शेवटच्या दिवशीही पूर्ण मानले नाही. बाटली कोणावर तरी आधी तपासायला हवी, आणि माणसावर तपासायची नसेल तर दुसऱ्या कोणावर तरी. यावर ज्यांच्याकडे सोपे उत्तर आहे, त्यांना ते लखलाभ. पण वासाबद्दल कोणी मला सांगू नये. लघवीचा, ओल्या लोकरीचा, फिनेलचा, आणि भ्यालेल्या जनावराचा म्हणून एक वेगळा वास असतो, तो साबणाने जात नाही. माझे यजमान नंदकिशोर चौऱ्याऐंशी साली वारले. तोपर्यंतची अकरा वर्षे मी त्यांच्या पानात भात वाढत असताना ते तोंड फिरवत. मला वाईट वाटे. आता वाटते, घरात नाक शाबूत असलेले ते एकटेच होते.

कलम दुसरे. माझे पुतणे चिरंजीव अभिराम यांना.

अभिराम औषधकंपनीचे प्रतिनिधी आहेत, गळ्यात टाय घालून डॉक्टरांच्या दारात बसतात. गेल्या दिवाळीला त्यांनी मला विचारले, ‘‘काकू, घराचं काय ठरवलंय?’’ मी विषय बदलला, सशांचे बोलले. तर म्हणतात, ‘‘अहो, ससे ते ससे. तुम्ही लोक उगाच टेन्शन घेता. प्रोग्रेससाठी थोडं चालतं.’’ हे म्हणत असताना त्यांच्या हातात माझ्या घरची करंजी होती.

कंपनीच्या भंगारातून मी एक खोडा घरी आणला होता. सागवानी आहे, बिजागऱ्या पितळी आहेत. तो चि. अभिराम यांना देण्यात यावा. त्यात त्यांची मान मावणार नाही, पण हात कोपरापर्यंत नीट मावतो. त्यांनी तीन तास तो तसा ठेवून बघावा. याखेरीज त्यांना काहीही देऊ नये. त्यांनी आरडाओरडा केला तर हे कलम मोठ्याने वाचून दाखवावे.

कलम तिसरे. राहीबाई आणि मंडळींना.

ब्याण्णव साली मुंबईहून प्राणीमित्र संस्थेच्या तीन बायका कॅमेरा घेऊन आल्या होत्या. त्यातल्या मुख्य राहीबाई. पिंजऱ्यापाशी उभ्या राहून त्या रडल्या, तेही चांगले, ओक्साबोक्शी. नंतर साहेबांच्या केबिनमध्ये कोंबडीची सँडविचे खाल्ली आणि जाताना मला म्हणाल्या, ‘‘तुम्हाला झोप कशी लागते हो?’’ मी म्हटले, ‘‘आमच्या पाण्यावर तुमचं बाळंतपण झालं असेल, तेव्हा तुम्हाला लागली तशीच.’’ त्यांनी माझी तक्रार केली. त्यांना माझ्याकडून काहीही नाही. पण एक गोष्ट कबूल करते: त्या बाईंचा प्रश्न बरोबर होता, विचारणारीच फक्त चुकीची होती.

कलम चौथे. तळवलीच्या बायजाबाई यांना.

बायजाबाई प्राणीगृहाची झाडलोट करत. ससा धरायला मला त्यांनी शिकवले. मी पदवी घेऊन आले होते आणि पहिल्याच आठवड्यात एका सशाचा कणा माझ्या हातात मोडला होता. ससा मागचे पाय झाडतो, ते खालून आधार देऊन धरले नाहीत तर स्वतःच्याच लाथेने त्याचा कणा जातो. हे कोणत्याही पुस्तकात मला कोणी दाखवले नव्हते. माझे शिवणयंत्र, तांब्याचा बंब आणि सर्व सुती साड्या बायजाबाईंना देण्यात याव्यात. शिवाय त्यांनी मला एकदा एक गोष्ट सांगितली होती, ती मी ऐकली नाही, त्याबद्दल क्षमा मागते. ती गोष्ट पुढच्या कलमात येते.

कलम पाचवे. हे मोठे आहे. माझे शेजारी श्री. झहूर दाऊद परकार यांना.

झहूरभाई मूळचे श्रीवर्धन तालुक्यातले, तुर्भ्याच्या कारखान्यात फिटर आहेत. त्यांची आणि माझी भिंत एक आहे. त्यांच्या पत्नी सईदा त्र्याण्णवच्या ऑगस्टमध्ये वारल्या, तेव्हा मुलगी नूरीन सात वर्षांची होती. झहूरभाई, यापुढचे मी तुम्हाला उद्देशून लिहिते. तुम्ही हे माझ्या मृत्यूनंतर वाचाल.

आमच्याकडे नियम होता की ठरावीक चाचण्या झाल्या की ससा रद्द करायचा. रद्द करणे म्हणजे मान मोडणे. ते काम माझे होते. मी ते पुष्कळ वर्षे केले, आणि दर वेळी बायजाबाई बाहेर जाऊन नळ सोडून उभ्या राहत. रद्द झालेल्या सशाचा नंबर नव्या सशाला द्यायचा, अशीही पद्धत होती. नंबर कानाच्या आतल्या बाजूला शाईने टोचलेला असे.

एकतीस नंबरचा ससा पांढरा, लाल डोळ्यांचा. इतरांसारखाच, वेगळा काही नाही. फक्त खोड्यात असताना त्याच्या दोन डोळ्यांच्या मधे बोटाने चोळले की तो बारीक दात घासे. सशाला बरे वाटते तेव्हा तो असे करतो. इतके हाल करणाऱ्या बाईच्या बोटाने त्याला बरे वाटत होते, हे बघून मला आधी हसू आले आणि मग शिसारी आली, माझीच. एक्याण्णव साली त्याची पाळी आली. मी त्याला रद्द केले नाही. कागदावर रद्द केले, आणि कागदावरच एक नवा ससा आणून त्याला एकतीस नंबर दिला. ससा तोच, कार्ड नवे. असे मी तीनदा केले. कागदोपत्री एकतीस नंबरचे चार ससे होऊन गेले. पिंजऱ्यात एकच होता, गवत खात होता.

मला वाटत होते, मी एक जीव वाचवते आहे. त्या भिकार जागेत एवढे एकच चांगले काम माझ्या हातून होते आहे, असे मी घरी येताना स्वतःला सांगत असे.

पण ससा वर्षानुवर्षे टोचून घेत राहिला की त्याचे अंग सरावते. घाण पाण्यानेही त्याला ताप येईनासा होतो. हे मला माहीत असायला हवे होते. माहीत होते, झहूरभाई. मी फक्त तिकडे बघत नव्हते. बायजाबाईंना मात्र पदवी नसताना कळले. एकदा त्या पिंजरा धूत होत्या, म्हणाल्या, ‘‘बाय, याला टोचून काय फायदा? याचा आंग आता काय सांगत नाय. मुका झालाय तो.’’ मी म्हटले, ‘‘तुम्ही पाणी बदला.’’

आमचे साहेब डॉ. जयप्रकाश सबनीस यांना हे बायजाबाईंच्याही आधी कळले होते. ते मला रागावले नाहीत, नोकरीवरून काढले नाहीत. उलट एखादी बॅच संशयाची असली की केबिनच्या दारातून म्हणायचे, ‘‘तिरोडकरबाई, तुमचा तो मुरलेला गडी काढा.’’ मग एकतीस खोड्यात जाई, त्याच्या जोडीला रद्द व्हायला आलेले आणखी दोन ससे, आणि बॅच पास होई. पार्थ नावाच्या एका तरुण केमिस्टने समुद्रातल्या कुठल्याशा खेकड्यासारख्या प्राण्याच्या रक्तावर होणारी नवी चाचणी सुचवली होती. म्हणजे सशाऐवजी खेकडा. रक्त कोणाचे तरी लागतेच. साहेब म्हणाले, महाग आहे, आणि ती चाचणी फार कडक आहे. फार कडक! तो मुलगा सहा महिन्यांत सोडून गेला. मी सोडून गेले नाही.

वहीत एकही तापमान खोटे नाही, हे मी शपथेवर सांगते. प्रत्येक अर्ध्या तासाला मी स्वतः पारा वाचला. खोटे एवढेच होते की ससा नवा आहे.

मला कशाची किळस येते ते नीट लिहिते, कारण लोक याबाबत फार ढिले बोलतात. जनावराला त्रास दिला, याची येतेच. पण त्याहून जास्त याची येते की आम्ही त्याला एक प्रश्न विचारण्यासाठी तो त्रास देत होतो, आणि उत्तर आम्हाला नको होते. पाणी चांगले आहे का, एवढेच त्या मुक्याला विचारायचे. बाकीचे त्याचे सगळे काढून घेतले होते, उत्तर द्यायची एक शक्ती ठेवली होती. तीही आम्ही मारली. साहेबांनी लोभाने मारली, मी मायेने. सशाला दोन्ही सारखेच पडले.

आता ऑगस्ट त्र्याण्णव. सईदाला दोन दिवस जुलाब-उलट्या होत होत्या. तुम्ही तिला नर्सिंग होममध्ये आणले आणि नूरीनला घ्यायला शाळेत गेलात. दुपारी अडीच वाजता सलाईन लावले. मी शेजारी स्टुलावर बसून तिचे पाय चेपत होते. ती म्हणाली, ‘‘चारूताई, आता जरा बरा वाटतंय. घरी गेल्यावर तुमाला बोंबलाचा कालवन खिलवते.’’ तीन वाजता तिला थंडी वाजून आली. पलंगाचे पाय फरशीवर वाजायला लागले. बरोबर अर्ध्या तासाने, झहूरभाई. आमच्या वहीत पहिला रकाना अर्ध्या तासाचाच असतो.

मी उठून बाटली बघितली. लेबल आमचे होते. बॅच नंबर वाचला आणि मला आठवले. जुलैमधली ती बॅच नव्या सशांवर नापास झाली होती, दोघांना चांगला ताप चढला होता. मग साहेब दारात येऊन उभे राहिले होते.

मी नर्सला म्हटले, ‘‘ही बाटली काढा.’’ ती म्हणाली, ‘‘का? तुम्ही डॉक्टर आहात का?’’ ‘ही बाटली मी पास केली आहे,’ एवढेच सहा शब्द बोलायचे होते. मी म्हटले, ‘‘नाही,’’ आणि स्टुलावर बसले. पुढची पंधरा मिनिटे पाणी थेंब थेंब जात होते आणि मी बघत होते. खोड्यात मी नव्हते, माझे हात मोकळे होते. नळीवरची कळ माझ्यापासून हातभर अंतरावर होती. मग तुम्ही आलात, आरडाओरडा केलात आणि बाटली काढायला लावलीत. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. डॉक्टरांनी मलेरिया लिहिला. रक्तात मलेरिया सापडला नव्हता, तरी लिहिला. न बघता ताप लिहिणारे आमच्याच धंद्यात असतात असे नाही.

ती माझ्या बाटलीने गेली की आजाराने, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. ते तपासायचे साधन मीच निकामी केले होते. रिकाम्या बाटलीचे लेबल मी सोलून घेतले. त्या आठवड्यात एकतीसला पिशवीत घालून घरी आणले आणि कागदावर चौथ्यांदा रद्द केले. त्यानंतर मी दोन वर्षे त्याच कंपनीत नोकरी केली. हे वाक्य मी तीनदा खोडून परत लिहिले आहे.

तो ससा तुमच्या नूरीनला आवडला. तिनेच त्याचे नाव मखमल ठेवले. रोज शाळेतून आली की भिंतीवरून हाक मारते, ‘‘चारूखाला, मखमलला गवत दिलं का?’’ आई गेल्यावर पहिल्यांदा ती हसली ती त्याच्याकडे बघून, माझ्या मागच्या अंगणात. मी दारात उभी होते. मी आत जाऊन पाणी प्यायले. दर ईदला तुम्ही तिच्या हाती शीरखुर्म्याचे भांडे पाठवता. मी खाते. पाच वर्षे खाते आहे. भांडे घासून परत करते.

म्हणून: माझे राहते घर, मागच्या अंगणासह, श्री. झहूर दाऊद परकार यांना मिळावे. बँकेतली ठेव त्यांनाच मिळावी, आणि त्यांना वाटल्यास ती कंपनीवरच्या खटल्यासाठी वापरावी. बाटलीचे लेबल आणि एक्याण्णव ते त्र्याण्णवच्या माझ्या हस्ताक्षरातल्या तीन वह्या, ज्या मी चोरून आणल्या, त्याही त्यांच्याच. त्या कपाटात खालच्या खणात, साडीच्या खोक्यात आहेत. त्यांनी घर नाकारल्यास ते विकून पैसे नूरीनच्या शिक्षणाला लावावेत. कोणत्याही परिस्थितीत अभिराम यांना त्याची किल्लीसुद्धा देऊ नये.

कलम सहावे. डॉ. जयप्रकाश सबनीस यांना.

निवृत्त होऊन ते आता सीवूड्सला राहतात, असे ऐकले. सकाळी फिरायला जातात, कबुतरांना दाणे घालतात, असेही ऐकले. माझ्या सेवानिवृत्तीच्या वेळी त्यांनी मला चांदीचा मुलामा दिलेला ससा भेट दिला होता, पेनस्टँड म्हणून. सगळे हसले, मीही हसले. तो त्यांना परत करावा. मुलामा उडाला आहे, आत पत्रा आहे.

कलम सातवे. माझ्या देहाबद्दल.

माझा देह वैद्यकीय महाविद्यालयाला द्यावा. अर्ज भरून ठेवला आहे, त्यावर सही आहे. दिवस घालू नयेत, कावळ्याची वाट बघू नये. मुलांनी मला कापावे, शिकावे, आणि कापताना हसायचे तर हसावे. माझी हरकत नाही. मला कोणीतरी विचारले आहे आणि मी हो म्हटले आहे, हा फरक मोठा आहे. ज्यांना मी मारले त्यांना हो किंवा नाही म्हणायची सोय नव्हती.

कलम आठवे. ससा क्रमांक एकतीस, ऊर्फ मखमल, वय अंदाजे दहा. एका डोळ्यात मोतीबिंदू आहे. याचे काय करावे हे मला ठरवता येत नाही. ज्या दिवशी हे वाचले जाईल, त्या दिवशी तो जिवंत असल्यास नूरीनने ठरवावे.

येथपर्यंतचा मजकूर गुरुवारी लिहून पुरा केला.

पुढील मजकूर आज रविवारी जोडत आहे.

शुक्रवारी मी हे सर्व स्वच्छ अक्षरात उतरवून काढत होते. ‘तुम्ही हे माझ्या मृत्यूनंतर वाचाल’ या वाक्याशी हात थांबला. माझा जुनाच धंदा चालू होता. ज्याच्याबद्दल लिहायचे, त्याला बोलायची सोय ठेवायची नाही. झहूरभाई वाचणार, आणि ज्या बाईला शिव्या घालायच्या ती महाविद्यालयात फॉर्मलीनमध्ये. किती सोयीचे! मला स्वतःची इतकी घाण वाटली की मी पेन खाली ठेवले आणि भिंतीवर थाप मारून त्यांना हाक मारली. रविवारी सकाळी या म्हटले.

आज दहा वाजता वकील गीतांजली खानोलकर आणि साक्षीला म्हणून सोसायटीचे सेक्रेटरी आले. झहूरभाई इस्त्रीचा शर्ट घालून आले. त्यांना वाटले, सोसायटीच्या पाण्याचा काहीतरी अर्ज आहे. मी वरचा सगळा मजकूर त्यांना मोठ्याने वाचून दाखवला. पाचव्या कलमात वकीलबाईंनी पुढचे वाचायला हात पुढे केला. मी दिले नाही.

वाचून झाले. झहूरभाई म्हणाले, ‘‘मी पाच वर्षं सोताला खात होतो, ताई. एक दिवस आधी न्यायला पायजे होती. ओवरटाइम होता म्हणून मी दुसऱ्या दिवशी नेली. रोज नमाजला बसलो की तेच. तुमी भिंतीपलीकडंच होत्या ना?’’

मी हो म्हटले.

‘‘माझा रडणं ऐकू येत होता ना?’’

मी हो म्हटले. येत होते.

सेक्रेटरी चुळबुळत होते, त्यांनी चहा तसाच ठेवला. झहूरभाई उठून मागच्या अंगणात गेले. ससा धरायची पद्धत त्यांना नूरीनने शिकवली असावी. मागच्या पायांना खालून हात देऊन त्यांनी त्याला उचलले. कान उलटा करून आत बघितले. शाई फिकट झाली आहे, पण नंबर वाचता येतो. ते तसेच उभे राहिले. मला वाटले, आता ते त्याची मान मोडणार. मी थांबवणार नव्हते. ससा दात घासत होता.

आत येऊन ते वकीलबाईंना म्हणाले, ‘‘ज्याला घर मिळनार त्यानं साक्षीची सही करायची नाय, बरोबर?’’ बाई म्हणाल्या, न केलेली बरी. ‘‘मग सेक्रेटरीसायबांचा नाव काढा. सही मी करतो. मला घर नको. वह्या आन् लेबल आत्ताच द्या, मेल्यावर नको.’’

वकीलबाईंनी मला सांगितले की वह्या आज बाहेर गेल्या तर खटल्यात पहिली आरोपी मीच होईन. मी म्हटले, म्हणजे माझे मृत्युपत्र माझ्या हयातीतच लागू झाले, इतके कोणाचे भाग्य असते? कोणी हसले नाही. मी कपाटाच्या खालच्या खणातून साडीचे खोके काढून झहूरभाईंच्या हातात दिले. नूरीनला कोण सांगणार, असे मी विचारले. ते म्हणाले, ‘‘मी. तुमी नाय.’’

घर आता पाचव्या कलमाच्या शेवटच्या भागाप्रमाणे नूरीनच्या शिक्षणाला जाईल, बँकेतली ठेवही. त्यालाही त्यांची हरकत असेल तर ती मी जिवंत असेपर्यंत त्यांनी मला तोंडावर सांगावी. भिंत एकच आहे.

आठवे कलम रद्द. ससा आज त्यांनी नेला.

वरील मजकूर वाचून, समजून, शुद्धीवर असताना सही करत आहे. सही करण्यापूर्वी पुन्हा तापमान घेतले. नव्याण्णव पूर्णांक दोन. थोडे चढले आहे. जसे आहे तसे लिहिले.

(सही) चारुलता नंदकिशोर तिरोडकर

स्थळ: कोपरखैरणे, नवी मुंबई
दिनांक: ११ ऑक्टोबर १९९८, रविवार

साक्षीदार क्रमांक एक: आमच्यासमोर सही केली.
(सही) गीतांजली खानोलकर, वकील, वाशी

साक्षीदार क्रमांक दोन, स्वतःच्या हस्ताक्षरात: सगळा मला वाचून दाखवला. मी ऐकला. बाईंना माफी दिलेली नाही. ससा घरी नेत आहे, त्याची चूक नाही.
(सही) झहूर दाऊद परकार, शेजारी